सरूबाईची ओंजळ

गुरुवारच्या स्त्रियांच्या प्रार्थनासभेचा वृत्तांत मी नेमाने वहीत लिहीत असे. कोणता अध्याय वाचला, कोणते गीत गायले, किती जणी हजर होत्या. आज त्यातले काहीच आठवत नाही. जे लिहिण्याजोगे वाटले नाही तेच मनात साचत गेले, आणि त्यातले बहुतेक सरूबाईचे आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. काष्टीजवळच्या एका गावी मी मिशनच्या शाळेत शिक्षिका होते. गावात मॅट्रिक झालेली बाई मी एकटीच, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे! सरूबाई गावची सुईण. निम्मे गाव तिच्या हातांत जन्मले होते. पण जातीमुळे त्याच गावात तिला पाणी मिळे ते वरून ओंजळीत ओतलेले.

*

तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारले, "सरूबाई, नवे नाव कोणते घेणार? सारा? रिबेका?"

ती म्हणाली, "सरूच ऱ्हाऊ द्या, सायेब. देवानं हाक मारली ती सरूला. नाव बदललं, तर दुसरीच कुनी 'ओ' दील!"

*

सभा माझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात भरे. सरूबाई दाराशी, वहाणांजवळ बसे. पाळकसाहेबांच्या पत्नी मार्थाबाई जिभेच्या तिखट. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, सतरंजीवर या. प्रभू काही वहाणांपाशी बसत नाही!"

"मंग चेल्यांचं पाय धुयाला त्यो कुठं बसला हुता, बाई?"

मार्थाबाईंनी गीताचे पुस्तक उघडले. सरूबाई मात्र दाराशीच राहिली.

*

सभेनंतर गुळाचा चहा होई. बायका अकरा आणि माझ्याकडे पेले दोन. म्हणून मी नियम केला, की प्रत्येकीने आपला पेला घरून आणावा. हा नियम सर्वांना फार आवडला. इतका का आवडला, याचा विचार मी केला नाही. माझ्या पितळी पेल्यावर माझे नाव कोरलेले होते.

*

मग तिचे पहिले प्रभुभोजन आले; त्यात सर्वांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचा असतो. पाळकसाहेब प्याला घेऊन रांगेतून येत होते. सरूबाईने गुडघे टेकले, मान वर केली आणि तोंडाशी ओंजळ धरली. ते वरून ओततील, असे तिला वाटले.

"सरूबाई, प्याला हातात घ्या."

"नगं, सायेब. मागनं समद्यास्नी प्यायचंय. उष्टा हुईल."

"तो पहिल्या दिवसापासून उष्टाच आहे. प्रभूचे बारा शिष्य एकातूनच प्याले होते."

ते तसेच उभे राहिले. पुष्कळ वेळाने तिची ओंजळ सुटली. नुकते जन्मलेले मूल धरावे तसा तिने तो प्याला दोन्ही हातांनी धरला.

तिच्यानंतर मी होते. मी ओठ लावल्यासारखे केले आणि प्याला पुढे दिला. हे वहीत लिहिलेले नाही. तिने ते पाहिले की नाही, हे तेव्हा मला कळले नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात पाटलांची सून अडली होती. सरूबाईने तिची सुटका केली, मुलगा झाला. तो गुरुवारचा दिवस होता. भर दुपारी आमच्या चहाच्या वेळी ती तिथून थेट दारात येऊन उभी राहिली. तिचे ओठ सुकले होते.

"पाटलीनबाई तांब्या घिऊन आल्या," ती म्हणाली. "म्हनल्या, धर ओंजळ. म्या म्हनलं, पेला द्या. तर म्हनल्या, तुला गं कशाला पेला? म्या म्हनलं, मंग ऱ्हाऊ द्या. ओंजळ न्हाई धरायची आता."

"म्हणजे सकाळपासून पाणी नाही?" मार्थाबाईंनी विचारले.

"न्हाई."

प्रत्येकीच्या हातात आपापला पेला होता. सरूबाईचा तिच्या घरी राहिला होता. माझा दुसरा पेला फडताळात होता. तो आणायला मी उठले.

"त्यो नगं, बाई." ती वहाणा ओलांडून सतरंजीवर आली आणि माझ्यासमोर बसली. "तुमच्या हातातला द्या."

त्यात माझा अर्धा प्यालेला चहा होता. मी पेला दिला. ती सावकाश, ओठ लावून प्याली. घोटभर चहा ठेवला आणि पेला परत माझ्यापुढे धरला.

"आता तुमी."

बाकीच्या दहाही जणी माझ्याकडे पाहत होत्या. सरूबाई माझ्या ओठांकडे पाहत होती.

मी प्याले.

पुढच्या गुरुवारी एकीनेही घरून पेला आणला नाही. बायका अकरा, आणि माझ्याकडे पेले दोन!