नर्मदेचं पाणी, तापलेलं इंजिन

चहाचा कप समोर आला की काका आधी त्यावर तळवा धरायचे. हाताला वाफ लागली की म्हणायचे, "थंडा होऊ दे आधी." चहा, भांडण आणि इंजिन, तिघांना एकच न्याय. आमच्या घमापूर मोहल्ल्यात कोणाची गाडी तापली की काकांना बोलावणं जायचं, आणि काका काहीही न करता शेजारी बसून राहायचे. गाडीवाला चुळबुळ करू लागला की विचारायचे, "काहून जीव खाऊन राहिला भैया? लोखंड आहे ते. त्याले वेळ लागते."

काका आता नाहीत. तुमच्याही मोहल्ल्यात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे हसतात आणि अडल्यावर त्याच्याच दारात उभे राहतात. आमच्या भिंतीला लागून त्यांचं अंगण, आणि अंगणात त्यांचा ट्रक. त्याच्या घरघरीने माझ्या कितीतरी दुपारच्या झोपा मोडल्या. तेव्हा ट्रकबद्दल मला प्रेम होतं असं कोणी समजू नये.

अशा माणसाने स्वतःचंच इंजिन तडकवलं, हे ऐकून मी आधी हसलेच. त्या थंडीत नागपूरहून परतताना काका नेहमीप्रमाणे तिलवाऱ्याच्या घाटावर थांबले आणि काकूंच्या देवघरासाठी नर्मदेच्या पाण्याचा डबा भरून निघाले. पुढच्या चढावर ट्रक उकळला. मागे गाड्या तुंबल्या, हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, "ओ बुढ़ऊ, हटाओ इसे!" काकांनी डबा उचलला. मैयाचं पाणी आहे, काही होत नाही, असं म्हणून ते गार पाणी तापल्या इंजिनात ओतून मोकळे झाले. सिलिंडरांवर बसणारी दोन्ही लोखंडी हेडं तडकली.

ट्रक दोरखंडाने ओढून घरी आणावा लागला. इंजिनातलं ऑइल पाणी मिसळून दुधाळ झालं होतं. काकूंनी बोलणं बंद केलं. बंद करण्यापूर्वी एवढंच म्हणाल्या, "पाणी पूजेचं होतं, इंजिनाचं नव्हतं."

पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, बस झालं आता. भंगारात काढा, कबाडीला देऊन टाका." कबाडी आला, ट्रकभोवती फिरला आणि म्हणाला, "चालू होती तो कोई ले जाता, बाबूजी. बंद गाड़ी तो कटेगी. इतवार को कटर लाता हूँ."

"आणि इतवारपर्यंत चालू झाली तर?" काकांनी विचारलं.

"तो मैं खाली हाथ लौट जाऊँगा."

काकांनी त्याच्याच गोदामातून, कापलेल्या एका ट्रकची दोन चांगली हेडं निवडून आणली. आंब्याच्या फांदीला चेनपुली टांगली आणि अंगणातच इंजिन उघडलं. शाळेला सुट्टी होती म्हणून मी भिंतीवरून बघत होते. शनिवारी मात्र न राहवून आत गेले.

पहिलं हेड नीट बसलं. दुसरं टांगून खाली येत होतं. साखळी काकूंच्या हातात होती, अबोला अजून होताच. खाली, सांध्यातून पाणी-ऑइल गळू न देणारं पातळ गॅस्केट अंथरलेलं. हेड सरळच टेकायला हवं होतं. कोपरा आपटला की गॅस्केट फाटणार, आणि दुसरं मिळेपर्यंत कटर दारात येणार. तेवढ्यात फांदी करकरली. हेड झुललं, एका बाजूला कललं, आणि काकांनी दोन्ही हात त्याच्याखाली घातले.

"काका, हात!" मी किंचाळले.

"हात काढला तर गॅस्केट जाते," ते दातावर दात ठेवून म्हणाले. "सोडू नको व."

"धरली आहे मी," काकू बोलल्या. कितीतरी दिवसांनी. "तुम्ही आधी हात काढा. मी वर घेऊन राहिली."

त्यांनी सगळं अंग मागे टाकून साखळी ओढली. हेड जरासं उचललं गेलं. काकांनी हात काढले, कडा धरून ते सरळ केलं, आणि मग ते इतकं हळू खाली आलं की मला श्वास कधी घ्यावा कळेना. टेकलं. काका तिथेच मातीत बसले. काकू त्यांची बोटं उलटसुलट करून बघत होत्या.

मग मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बोल्टकडे पाना फिरू लागला. थोडं आवळायचं, थांबायचं, पुन्हा मधून सुरुवात. माझा जीव टांगणीला, आणि हे निवांत.

रविवारी सकाळी कबाडी गॅसची टाकी आणि कटर घेऊन हजर. पनागरहून शहरात भाजी आणणारा एक ड्रायव्हरही आला होता. काकांनीच बोलावला म्हणे. मला वाटलं मदतीला. काकांनी चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. कबाडीने कटरची नळी उलगडायला घेतली. काकांनी खाली उतरून डिझेलच्या पाइपातली हवा काढली, वर चढले आणि चावी फिरवली. सगळं अंगण हादरलं. त्या घरघरीने मला रडू येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

काका हसले नाहीत. बराच वेळ इंजिन चालू ठेवलं, ऑइल काडीवर घेऊन पाहिलं. स्वच्छ होतं. मग त्यांनी ट्रकची चावी, मुलाला द्यावी तशी, पनागरच्या ड्रायव्हरच्या हातात ठेवली.

"काका, गाडी विकली? एवढं सगळं करून?"

"एका पोरानं बुढ्ढा म्हटलं आन् मले राग आला, बेटा," ते म्हणाले. "रागात पाणी ओतणाऱ्यानं स्टेअरिंगवर बसू नये. पण चूक माझी. त्या चुकीपायी गाडीले कापू कशी देऊ?"

काकूंनी पदर तोंडाला लावला.

गल्ली अरुंद. ट्रक मागे घेताना काकांनी आयुष्यात कोणाला बाजू दाखवू दिली नव्हती. त्या दिवशी ते स्वतः मागे उभे राहिले, हात हलवत, "आने दो... आने दो..." रस्त्यावर येऊन ट्रक वळला आणि पनागरच्या दिशेने निघून गेला. गल्लीच्या तोंडाशी काका तसेच उभे होते. हात अजून हलत होता, आणि ते हळू आवाजात म्हणत होते, "आने दो... आने दो..."