चौथ्या मजल्यावरच्या त्वचातज्ज्ञ

आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक काकू राहतात. त्वचारोगांतलं त्यांचं शिक्षण काहीच नाही, पण त्यावाचून त्यांचं कधी अडलेलं नाही. लिफ्टमध्ये समोरच्याचा हात हातात घेतात, उलटासुलटा बघतात आणि चौथा मजला यायच्या आत निदान करून मोकळ्या होतात. घामोळं असो, मुरुम असो, नायटा असो, कारण एकच. "उष्णता गं! आधीच ही खाडीची हवा, त्यात तुमचे पिझ्झे."

माझ्या कोपरांवरचा सोरायसिस पाहून मात्र त्यांनी हात सोडला. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं मी सांगितलं.

"डॉक्टरांचं काय जातंय बोलायला!"

संक्रांतीला त्यांनी सगळ्या बायकांना बोटाने हळदीकुंकू लावलं आणि मला कान साफ करायच्या इअरबडने. इअरबड नवा होता, तेवढा मान त्यांनी राखला.

परवा त्या माझ्या दारात उभ्या. कोपरावर माझ्यासारखाच लाल चट्टा, तसेच पांढरे पापुद्रे.

"तुझ्यासारखं नाहीये हं हे. माझं उष्णतेचं आहे. पण तुझं ते मलम जरा लावून दे ना, मला मागचं दिसत नाही."

मी बोटावर मलम घेतलं. काकूंनी चटकन हात मागे घेतला.

"बोटाने नको गं. इअरबड असेल ना?"