चतुर्थीची भरती

माझे पती सोमवारी शाळेत गेले आणि घरी आले नाहीत. तेरावं उरकलं आणि चौदाव्या दिवशी त्यांचा पाचवीचा वर्ग त्याच शाळेत शिकवणाऱ्या माझ्याकडे आला.

आमची शाळा रत्नागिरीजवळ, खाडीच्या बरीच आत. त्यांचं गणित पटांगणात चालायचं. चुन्याने घड्याळ आखलेलं. एकाने तिथी ओरडायची, बाकीच्यांनी तिला पाऊणने गुणून भरतीच्या वेळेवर धावायचं. चतुर्थी, म्हणजे चार गुणिले पाऊण. तीन वाजता पाणी पूर्ण चढणार. मच्छीमारांचा हा जुना हिशोब. चुकला त्याची होडी रुतली.

माझ्यापुढे हा वर्ग बसेना. मलाही बसवत नव्हतं. मी त्यांची वही उघडून फळ्यावर गणितं लिहायची. मुलं खिडकीबाहेर बघायची.

मग केंद्रप्रमुख आले. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे ते अधिकारी.

"मॅडम, खेळ पुरे. स्कॉलरशिप तोंडावर आली."

"सरांचा प्रकल्प अर्धा राहिलाय, साहेब. मुलं धक्क्यावर भरती मोजणार होती."

"शुक्रवारी दाखवा. पटलं तर ठीक, नाहीतर ते घड्याळ पुसा."

शुक्रवारी चतुर्थी होती. आदल्या दिवशी मी सगळ्यांकडून भरतीची वेळ लिहून घेतली. सानिकाने पावणेचार लिहिलं. मी लाल पेनने फुली मारली.

"बाई, आमच्या धक्क्याला तीनला पाणी भरत नाय."

"सरांच्या वहीत तीन आहे."

"वही सरांची हाय. धक्का आमचा हाय."

वर्ग हसला. मी तिला खाली बसवलं.

शुक्रवारी मुलांनी रंगाचे पट्टे मारलेला बांबू धक्क्याला बांधला. तीन वाजले. पाणी नवव्या पट्ट्यावर.

"झाली ना भरती? चला," साहेब म्हणाले.

"साहेब, पाणी चालू हाय अजून," सानिका म्हणाली. "तुमची गाडी सुक्या जमिनीवर हाय ना? होडीसारखी रुतत नाय. मग थांबा."

साहेब थांबले. मी सारखी घड्याळात बघत होते. सव्वातीन, दहावा पट्टा. साडेतीन, अकरावा. पावणेचारला पाण्यावरचं पान जागच्या जागी थांबलं.

हिशोबातली वेळ खाडीच्या तोंडाची. आत पाणी पोचायला वेळ लागतो. सानिकाला ते घरातूनच माहीत होतं. मला मोजावं लागलं.

वर्गात येऊन मी वहीचं पुढचं पान उलटलं. वर लिहिलं होतं, 'आपल्या धक्क्यावर', आणि खाली चौकट कोरी. ती मी आधीही पाहिली होती. मला वाटलं होतं, भरायची राहून गेली.

साहेब म्हणाले, "घड्याळ राहू दे. पण सरावाचे पेपरही घ्या."

ते मी घेते. लाल पेन मात्र आता पाणी बघून उघडते.

चुन्याचं घड्याळ पटांगणात आहे. वही माझ्या टेबलावर असते. चौकटीत सानिकाच्या अक्षरात पावणेचार लिहिलेलं आहे.