पुरीचा फुग्या मासा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. पुरीहून परतताना समोर दुर्गचा, रेल्वेत नोकरीला असलेला एक माणूस बसला होता. मांडीवरच्या दुधाच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी, आणि त्यात घरी पाळायला आणलेला फुग्या मासा.

शेजारच्या म्हातारीने तीर्थ समजून ओंजळ भरली.

"ओ माय, तीर्थ नाही ते, माशाचं घर होय!" तो ओरडला.

मासा घाबरून चेंडूसारखा फुगला.

"जोडीला दुसरे मासे?" मी विचारलं.

"हा शेपट्या खाते त्यायच्या."

"आणि पाणी संपलं की?"

"पास हाय न मले! पुन्हा पुरी."

दुर्ग आलं. मी उतरलो, तो बसूनच.

"अहो, उतरा की!"

"फुगून राहिला न भाऊ. धक्का लागला तं हा मरून जाईन. शांत होऊ द्या."

गाडी सुटली. दुर्गचा तो माणूस माशाची समजूत काढत नागपूरकडे निघून गेला.