पहिली फेरी

दादांकडे एक जुनी स्पोर्ट्स कार होती. लाल, बसकी, लांब नाकाची, दोनच माणसं मावतील अशी. गाडी थोरल्याची आणि तिचं दुखणंखुपणं धाकट्याचं, अशी दोन भावांत वाटणी झाली होती. ती कोणी केली, कधी केली, ते देवालाच ठाऊक.

धाकट्याचा जन्म कारखान्यातली शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेला. हातात सदा पाना, म्हणून दादांच्या मुलीनं बोबड्या वयात त्यांना पानेकाका केलं, ते कायमचं. गाडीचा आवाज जरा बदलला की दादा दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर टकटक करत, आणि काका ताटावरून उठत.

दादांचा नियम एकच. ऑइलाच्या कपड्यांनी सीटवर बसायचं नाही. म्हणून काका दाराबाहेर उभे राहून, कमरेत वाकून, किल्ली फिरवून इंजिन सुरू करत. स्वच्छ कपड्यांत कधी चालवायला चाक मागितलं, तर दादा म्हणत, "आज नको रे, पेट्रोल कमी आहे." इतक्या वर्षांत त्या गाडीत पुरेसं पेट्रोल असं कधी नव्हतंच.

यंदा रेडिएटर फुटला. इतक्या जुन्या गाडीला कोणी गॅरेजवाला हात लावेना, तेव्हा दादांचा सूर मऊ झाला. "एवढा बदलून दे. मग पहिली फेरी तुझी. माझा शब्द."

काकू हे ऐकून म्हणाली, "भावजींच्या शब्दाला चाकं कधी फुटली?"

"तू गप गं," काका म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला लावला, तो तिनं पाहिला.

रविवारी सकाळी अंगणात काम निघालं. काकांनी खाली परात ठेवून गंजकं पाणी सोडलं. रबरी नळ्या इतक्या चिकटल्या होत्या की सुरीनं कापाव्या लागल्या. एक बोल्ट झिजला होता, तो छिन्नीनं फोडताना बोटाचं साल गेलं. जुना रेडिएटर बाहेर आला तो मेलेल्या जनावरासारखा जड. नवा बसला, नव्या नळ्या लागल्या, पाणी भरलं.

या गाडीची एक खोड होती. नाक बसकं, त्यामुळे रेडिएटरचं तोंड इंजिनपेक्षा खाली. नाक जॅकवर उचलून इंजिन चालवायचं, हवेचे बुडबुडे वर येऊ द्यायचे, थंड होऊ द्यायचं, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा चालवायचं. हवा आत राहिली तर पाणी फिरतच नाही.

पहिल्या खेपेचे बुडबुडे निघाले. काकांनी झाकण सैलसं बसवलं. "दादा, थंड होईतो हात लावू नका. मी आंघोळ करून येतो. मग दुसरी खेप, आणि मग..." पुढचं बोलायला त्यांना लाज वाटली.

अंगाला साबण लागला होता तेव्हा इंजिन गरजलं.

इस्त्रीच्या सदऱ्याची बटणं लावत काका बाहेर आले तर जॅक आडवा पडलेला, अंगण रिकामं. वहिनी फाटकापाशी उभी होती. "जावई आलेत ना, त्यांना जरा चक्कर. येतील हो लगेच. तुमचीच आहे नंतर."

काका वाट बघत उभे राहिले. नंतर जावयाचा फोन आला. मोठ्या रस्त्यावर वाफेचा लोट उठून गाडी बंद पडली होती.

काका टेम्पो घेऊन पोचले, तर दादा दहा माणसांदेखत कडाडले, "काय बसवलंस रे? तरी तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता!"

"काट्याची तार पाण्यात बुडलेली असेल तर काटा हलणार. आत हवा होती. मी सांगून गेलो होतो, दादा."

"सांगून गेला होता! काम अर्धवट टाकून आंघोळीला जातं का कोणी? मशीनवाल्याचा हात तो मशीनवाल्याचाच."

जावयानं मान फिरवली. खरं त्याला कळलं होतं, पण सासऱ्यापुढे तोंड कोण उघडणार!

टेम्पोला दोर बांधला. मागच्या गाडीचं चाक धरायला कोणीतरी हवं होतं. बंद गाडीत बसून गल्लीतून ओढत जायचं, हे दादांना झेपेना. ते टेम्पोवाल्याशेजारी चढले, जावयाला टेम्पोत मागे चढवलं, आणि काकांना म्हणाले, "तू बस गाडीत. चालवायचं काही नाही. दोर सैल पडला की ब्रेक मारायचा, एवढंच."

काका बसले. सीट खोल होती, पाय लांबवावे लागले. समोरचं लाल नाक अजून धुमसत होतं. इंजिन बंद, त्यामुळे दोराचा करकर आवाज तेवढा ऐकू येत होता. दादा खिडकीतून हात काढून डावीकडे, उजवीकडे खुणावत होते. गल्लीतला न्हावी दारात येऊन ओरडला, "पानेकाका, झालात का मालक?" दोर सैल पडला. काकांनी ब्रेक मारला.

घरी काकूनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तिला कळलं होतं सगळं, तरी तिच्यानं राहवलं नाही. "मिळालं ना चाक?"

"मिळालं."

"आणि केवढी पळवलीत?"

"टेम्पो गेला तेवढी."

तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदर तोंडावर धरला.

मधल्या भिंतीवर टकटक झाली. काका उठले, सदरा उतरवला, आणि ऑइलाचे कपडे शोधायला लागले.