बावीसचे चाळीस

माझा पहिला पगार बावीस रुपये होता. गावात मी तो चाळीस सांगितला. एवढीच माझी गोष्ट आहे, पण ती माझ्या एकट्यापुरती राहिली नाही, म्हणून सांगायला अवघड जाते.

आमचं गाव शिंदखेड्यापासून तीन कोसांवर. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. कोरडवाहू जमीन होती, कपाशी आणि ज्वारी पिकत असे. गावच्या शाळेत आम्ही दोघं बरोबरीने शिकलो, मी आणि माझा मित्र. पहिला नंबर माझा, दुसरा त्याचा, हे ठरलेलं. मराठी सातवीची फायनल परीक्षा झाल्यावर तो तिथेच थांबला आणि वर्षाभरात लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर झाला. मला आबांनी धुळ्याला इंग्रजी शाळेत घातलं. पाच वर्षं मी धुळ्यात राहिलो. त्या पाच वर्षांत माझ्या आईने आणि बहिणीने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला, तो माझ्या फीसाठी आणि खाणावळीसाठी. मला ते ठाऊक होतं. सुट्टीत घरी आलो की त्यांच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे दिसत, आणि मी दुसरीकडे पाहत असे.

मॅट्रिक झालो आणि जळगावला एका जिनिंग प्रेसमध्ये कारकून म्हणून लागलो. काम गाठींचं वजन लिहिण्याचं आणि स्टेशनवरच्या पावत्या सांभाळण्याचं. बावीस रुपये मला तेव्हा कमी वाटले नव्हते. माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्याला वीसच मिळत.

पहिल्या दिवाळीला गावी गेलो. अंगात नवा काळा कोट होता. सकाळी मारुतीच्या पारावर माणसं बसलेली, मित्रही होता. एका म्हाताऱ्याने विचारलं, "भाऊ, पगार कितला शे रे तुले?"

त्याआधी थोडा वेळ बोलणं मित्राच्या पगाराचं चाललं होतं. त्याला अठरा होते. गावात राहून, घरचं खाऊन, सावलीत बसून अठरा रुपये, म्हणून सगळे त्याचं कौतुक करत होते आणि तोही मोकळेपणाने हसत होता. मी मनात वजाबाकी केली. बावीस म्हटलं असतं तर धुळ्याची पाच वर्षं चार रुपयांची ठरली असती. आबा समोरच बसले होते.

"चाळीस," मी म्हणालो.

मग तोच म्हातारा म्हणाला, "चाळीस म्हंजे कचेरीमा अव्वल कारकूनले भेटतस." आबांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं आणि पुन्हा घातलं. मित्र माझ्याकडे वळून म्हणाला, "तू आमचं नाक वर केलंस." त्याच्या बोलण्यात हेवा नव्हता. हेवा असता तर मला बरं वाटलं असतं.

जळगावला परतताना मी स्वतःला समजावलं की दोन-तीन वर्षांत पगार वाढेल आणि खोटं आपोआप खरं होईल. पण चाळीस हा आकडा गावात माझ्या मागे राहिला होता आणि आपलं काम करत होता. बहिणीने नंतर मला सांगितलं की लोक मास्तराच्या पगाराला हसायला लागले. जे अठरा दिवाळीच्या सकाळपर्यंत चांगले होते, ते दिवाळी संपेपर्यंत लहान झाले होते.

माघात आबांचं पत्र आलं. आबांना लिहिता येत नव्हतं. गावातली सगळी पत्रं माझा मित्रच लिहून देत असे, आणि हेही त्याच्याच गोल, स्वच्छ अक्षरात होतं. पत्रात लिहिलं होतं की अमळनेरकडच्या एका गावाहून एक गृहस्थ मुलीसाठी स्थळ पाहायला आपल्या गावी आले होते. त्यांनी तुझं नाव ऐकलं, पगार ऐकला आणि आपल्या घरी आले. घरंदाज माणसं आहेत, मुलगी कामाची आहे. तुझा होकार कळव.

ते गृहस्थ कोणाचं स्थळ पाहायला आले होते, हे पत्रात नव्हतं. मला माहीत होतं. मित्राने दिवाळीतच मला सांगितलं होतं की अमळनेरकडून त्याची बोलणी चालू आहेत, माघात माणसं येतील. आता त्याच माणसांनी माझ्या घरी बसून पानसुपारी घेतली, आणि ती बातमी त्यानेच आपल्या हाताने लिहून मला पाठवली होती. शेवटी नेहमीप्रमाणे त्याने 'लेखकाचा रामराम' असंही लिहिलं होतं.

मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. नकार लिहायचा तर कारण लिहावं लागलं असतं. नवव्या दिवशी होकार लिहिला. ते पत्रही आबांना त्यानेच वाचून दाखवलं असणार.

साखरपुड्यात मुलीच्या वडिलांनी, नानांनी, चार माणसांत मला विचारलं, "चाळीसच शे ना?" मी मान हलवली. पारावर माझ्या तोंडून निसटलं होतं असं म्हणता येईल. या वेळी निसटलं नव्हतं. वैशाखात लग्न झालं. पंगतीत मित्र वाढायला होता. माझ्या पानात त्याने आग्रहाने दोनदा बुंदी घातली.

बायको जळगावला आली. एक खोली, मागे सामायिक मोरी. पहिल्या पगाराला मी तिच्या हातावर दहा रुपये ठेवले आणि सांगितलं की भाडं आणि घरी पाठवायचे बाजूला काढलेत, बाकीचे कंपनी म्हातारपणासाठी ठेवून घेते. ती "बरं" म्हणाली. दोन महिने तिने त्या दहात घर चालवलं. मग एका हळदीकुंकवाला ती आमच्या हेडक्लार्कच्या घरी गेली. त्यांची बायको बोलता बोलता म्हणाली, "बावीसमध्ये तू छान भागवतेस हो."

ती घरी आली. दोन दिवस नेहमीसारखी कामं केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जेवायला बसलो असताना तव्यावरची भाकर उलटत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बावीसमा बी मी भागाडी लिसू. पन नानासले काय सांगू?"

उत्तर तिनेच शोधलं. माहेरी जाताना ती चाळीस रुपयांच्या नवऱ्याची बायको होऊन जात असे. तिचे भाऊ जळगावला बाजाराला आले की दोन भाज्या, तूप, पापड करी, आणि ते गेल्यावर चार दिवस आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खात असू. फावल्या वेळात ती एका दुकानासाठी वाती वळत असे. शेराला काही पैसे मिळत. माहेरचं माणूस येणार असलं की कापसाची टोपली बाजेखाली सरकवून वर गोधडी सोडी. ती टोपली सरकवण्याचा आवाज मला अजून आवडत नाही.

दीड वर्ष असं गेलं. पगार चोवीस झाला. एका दुपारी सुट्टीच्या दिवशी मित्र दारात उभा राहिला. बायकोने डोक्यावरचा पदर सारखा करून त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो खाली मान घालून जेवला. जेवण झाल्यावर मला म्हणाला, "भाऊ, तुझ्या प्रेसमध्ये माझ्यासारख्याला काही काम मिळेल का? इंग्रजी नाही मला. पण तुला चाळीस मिळतात तर मला तीस तरी देतील."

"शाळेचं काय?" मी विचारलं.

"राजीनामा देऊन आलो."

तो सावकाश सांगू लागला. अमळनेरनंतर आणखी दोन ठिकाणी त्याचं लग्न ठरता ठरता मोडलं होतं. दोन्हीकडे माणसं म्हणाली, तुमच्याच गावचा एक पोरगा चाळीस आणतो. त्याची आई त्याला रोज विचारी, तू का जात नाहीस जळगावला?

सांगायची हीच वेळ होती. बायको चुलीपाशी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "बघतो. मॅनेजरशी बोलून कळवतो. तू आज परत जा."

तो परत गेला नाही. रात्र त्याने धर्मशाळेत काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला स्वतःच प्रेसमध्ये आला. मला त्रास नको म्हणून आला, हे मला नंतर कळलं. मॅनेजरच्या टेबलापासून माझं टेबल चार हातांवर होतं. मी मान वर केली नाही, पण सगळं ऐकू येत होतं. त्याने नमस्कार करून काम मागितलं. मॅनेजरने विचारलं, अपेक्षा किती? तो म्हणाला, तीस.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याला गंमत वाटली, इतकंच. तो म्हणाला, "मास्तर, हा तुमच्या मागे बसलाय ना, तो मॅट्रिक आहे. इंग्रजी पत्रं लिहितो. त्याला मी चोवीस देतो. तुम्हाला तीस कुठून देऊ?"

मित्र वळला. माझ्या कोटाकडे, समोरच्या वहीकडे आणि मग माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलं. मॅनेजरला म्हणाला, "माझी ऐकण्यात चूक झाली, साहेब," आणि बाहेर गेला.

मी उठून त्याच्या मागे गेलो नाही. दिवसभर वजनं लिहीत बसलो. तो गाडीने निघून गेला असेल, अशी आशा करत होतो. पाच वाजता फाटकाबाहेर आलो तर तो निंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही स्टेशनकडे चालू लागलो. एरवी आम्ही दोघं घरच्यासारखं मोकळं बोलत असू. त्या दिवशी तो शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी बोलावं तसं पुस्तकी बोलला.

"मला अठरा रुपये कमी वाटत नव्हते," तो म्हणाला. "तू चाळीस म्हणेपर्यंत."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"वहिनींना माहीत आहे?"

"हो."

"नानांना?"

"नाही."

स्टेशन दिसू लागलं तेव्हा तो म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही."

आणि मला हायसं वाटलं. खोटं बोलल्याची लाज आहे, होकार लिहिल्याची आहे, पण सगळ्यात जास्त लाज मला त्या हायसं वाटण्याची आहे. ज्याची सोयरीक मोडली, ज्याची नोकरी गेली, तो माझी अब्रू राखायचं वचन देत होता, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माले माहीत व्हतं. पहिले त्यासनीच गोट व्हती." म्हणजे आपल्याला आधी कोणासाठी पाहिलं जात होतं, हे जाणूनच तिने काल त्याला जेवायला वाढलं होतं.

त्याला बोर्डाने पुन्हा घेतलं, पण गावची जागा भरली होती. त्याला पार सातपुड्याच्या पायथ्याला, तळोद्याच्या पलीकडे शाळा मिळाली. तिथून गावी यायला दोन दिवस लागत. म्हातारी आई गावात एकटी राहिली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी गावी गेलो आणि खळ्यात आबांना एकटं गाठून खरं सांगितलं. ते वखराचं लाकूड तासत होते. तासणं थांबवून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गावले नको सांगू. मी बठ्ठासले सांगेल शे." चाळीस हा आकडा त्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवला होता. ते पुन्हा तासू लागले. आवाजात राग नव्हता. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे कशाचा हिशोब विचारला नाही, शेतीतला सल्लाही विचारला नाही. पारावर मात्र ते माझा पगार सांगत राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून पंचेचाळीस केले. ज्या माणसाने जन्मात कधी खोटं वजन घातलं नव्हतं, त्याच्याकडून मी एवढं करून घेतलं.

सहा वर्षांनी मी मित्राला भेटायला गेलो. बैलगाडीने शेवटचा टप्पा गाठला. एका कुडाच्या खोलीत त्याची शाळा होती, भिल्लांची पंचवीसेक मुलं. मुलांना तो त्यांच्याच बोलीत शिकवत होता. तिकडच्याच एका मास्तराच्या बहिणीशी त्याचं लग्न झालं होतं. पगार तेवीस झाला होता. त्याने मला मुलांसमोर उभं केलं आणि सांगितलं, "हे जळगावला मोठ्या कचेरीत असतात." मुलांनी नमस्कार केला. मला तिथे उभं राहवेना.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. मी पुन्हा माफीचं बोलू लागलो तर तो अवघडला आणि म्हणाला, "ते राहू दे. माझं एक काम कर. आईला आता दिसत नाही. गावाजवळ बदली हवी आहे. धुळ्याला साहेबाकडे इंग्रजीतून अर्ज दिला तर लवकर बघतात म्हणे. तू लिहून देशील?"

मी तिथेच जमिनीवर बसून अर्ज लिहिला. शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी त्यात ओतलं. त्या अर्जाला उत्तर आलं नाही. वर्षाने दुसरा लिहून पोस्टाने पाठवला, त्यालाही नाही. तिसऱ्या अर्जासाठी मी प्रेसमधून रजा काढून स्वतः धुळ्याला गेलो, दोन दिवस कचेरीच्या व्हरांड्यात बसलो आणि साहेबाच्या शिरस्तेदाराच्या हातात तो दिला. बदलीचा हुकूम पावसाळ्यानंतर निघाला. दोंडाईच्याजवळची शाळा, गावापासून पायी दीड तास. आई तेव्हा हयात होती. आवाजावरून ओळखत असे.

त्याने एका कार्डावर कळवलं: बदली झाली, हजर झालो, आभारी आहे. मी ते कार्ड बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आभारी कशाले म्हनतस ते?" ती उठली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.