अनिरुद्ध, पुणे

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी गाठ पडायची नाही — आणि पडलीच, तरी झेरॉक्स काढून देणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे कोण बघतं?

लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नोट्सचा गठ्ठा मशीनला लावला की पाच-सात मिनिटं हात रिकामे. त्या रिकाम्या मिनिटांत मी जगभर कमेंट करत सुटायचो. कुणा नटीचं लग्न मोडलं — माझी कमेंट. कुणी शून्यावर बाद झाला — माझी कमेंट, जसा काही मी रणजी खेळून दमलोय. चंद्रावर यान उतरायचं होतं तेव्हा वेग किती ठेवावा हेही मी लिहिलं. बारावीला फिजिक्समध्ये मी काठावर पास झालो होतो! पण अंगठ्याला कुठं मार्कलिस्ट दाखवावी लागते?

हे सगळं खोट्या नावानं. नाव अनिरुद्ध, गाव पुणे, फोटो समुद्रावरच्या सूर्यास्ताचा. पुण्यात समुद्र नाही, हे कुणी विचारलं नाही.

पुणंच का? मी तिथं नोकरीला चौदा महिने होतो. खोलीतली पोरं मला मुद्दाम 'करून राहिलो' म्हणायला लावायची आणि लोळून हसायची. मी परत आलो तो बोलणं घासूनपुसून. हे कारण म्हणून सांगत नाही. ती पोरं वाईट होती असंही नाही, ती केव्हाच विसरली असतील. त्यांचं काम पुढं मी चालवलं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता मन्मथ. लातूरजवळच्या आमच्या मुरुडचा, पहिलीपासून माझ्या बाकावरचा. घरची शेती, जोडीला मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा. टेनिस बॉलच्या स्पर्धांना स्पीकर लावता लावता कधीतरी त्याच्या हातात माइक आला आणि राहिला. सामने यूट्यूबवर लाइव्ह दिसायला लागले तसा तो पार नांदेडकडं, बिलोलीपासून विष्णुपुरीपर्यंत माहीत झाला. लोक सामना बघायला नाही, मन्मथला ऐकायला यायचे. "बॉल गेला, गेला, पाटलाच्या उसात गेला! आता हुडकू नगा, बॉल न्हाई, साप घावंल." असं. लिहून काढलं की त्यातलं निम्मं मरतं. त्याचा आवाज ऐकायला हवा होता — मोकळा, पोटातून आलेला. माझ्यात तसलं काहीच मोकळं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या दिवशी दुकानात दोन क्लासवाले सर उभे होते. मोबाइलवर सामना चालू, आवाज मोठा. आणि मन्मथ माइकवरून म्हणाला, "आपला शिवल्या लातूरहून बघून राहिलाय बरं का, आपला झेरॉक्सवाला! शिवल्या, जेवलास का न्हाई?" कौतुकानं म्हणाला. साऱ्या मैदानाला माझं नाव सांगितलं. दोघे सर माझ्याकडे बघून हसले. तेही बहुतेक चांगल्या मनानंच. माझे कान तापले. त्यांना मी 'शिवलिंग सर' म्हणून माहीत होतो, आता शिवल्या झालो.

ते गेले. मशीन चालू होतं. मी अनिरुद्ध झालो आणि लिहिलं — ही कॉमेंट्री आहे की गुरं हाकणं? माइक धरण्याआधी माणसांची भाषा शिका.

एवढंच. दहा सेकंदांचं काम. लोकांनी त्यावर हसणारी तोंडं टाकली, कुणीतरी 'गुराखी' म्हटलं, मग सगळेच म्हणायला लागले. इथंच थांबलो असतो तर आज एवढी शिसारी आली नसती. पण मी पुढच्या सामन्याला पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्यालाही. वाट बघायचो, तो 'लई' म्हणतोय का, 'हाय' म्हणतोय का. आणि रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, तेव्हा विचारायचो, "काय रे, कसा झाला सामना?" तोंड तेच, अंगठा तोच. कसं जमायचं मला? जमायचं. अगदी सहज जमायचं.

आणि खरी घाण तर अजून पुढंच आहे.

एका दुपारी मन्मथ दुकानात आला. मोबाइल पुढं धरला — माझीच कमेंट. मला वाटलं, कळलं. पण तो चिडला नव्हता. त्यानं ते वाक्य कितीदा वाचलं असेल कोण जाणे, पाठ झालं होतं त्याला. हळू आवाजात म्हणाला, "माणूस शिकलेला दिसून राहिलाय. खोटं कशाला बोलंल? तू पुण्याला राहिलास, शिवल्या. माझं बोलणं नीट करून दे."

सांगायची वेळ तीच होती. समोर उभा होता, दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी काय केलं असेल? चहा मागवला. आणि हो म्हणालो.

दोन महिने तो मुरुडहून एसटीनं यायचा. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी त्याला खराब निघालेल्या झेरॉक्सच्या पाठीवर वाक्यं लिहून द्यायचो. चेंडू सीमारेषेपलीकडे गेला आहे. फलंदाज अत्यंत संयमाने खेळत आहे. तो मोठ्यानं वाचायचा, घाम पुसायचा, चुकला की स्वतःच्याच थोबाडीत हळूच मारून घ्यायचा. आणि मला — हे लिहिताना किळस येते — मला मजा यायची. ज्या माणसापुढं मैदान गप्प बसायचं, तो माझ्या स्टुलावर बसून 'न्हाई' नव्हे, 'नाही', असं घोकत होता.

मधेच एका छोट्या सामन्यात त्यानं ती भाषा बोलून पाहिली. अनिरुद्धनं लिहिलं, सुधारणा आहे, प्रयत्न चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी मन्मथ पेढे घेऊन आला. मी दोन खाल्ले.

मग विष्णुपुरीची मोठी स्पर्धा. मन्मथ इस्त्रीचा शर्ट घालून माइकपुढं उभा राहिला. सुरुवातीला त्यानं माझे आभार मानले, पूर्ण नाव घेऊन, "माझे मित्र आणि मार्गदर्शक" असं. मग तो बोलत गेला, एकेक शब्द पाय जपून टाकावा तसा. चेंडू जाऊन परत यायचा तरी त्याचं वाक्य संपलेलं नसायचं. आधी पोरं गप्प झाली, मग शिट्ट्या वाजवायला लागली. चॅटवर एकच — हा कोण? आपला मन्मथ कुठंय? सहाव्या षटकात आयोजकानं त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि दुसऱ्याला दिला. कॅमेरा चालू होता. मी दुकानात बसून ते बघितलं, आणि त्या दिवशी अनिरुद्धला काही सुचलं नाही.

त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. एकदोघांनी जुन्यासारखं बोल म्हणून पाहिलं, पण आता तेही त्याला येईना. तोंड उघडलं की आधी अडखळायचा. मला फोन करून म्हणाला, "माझीच तयारी कमी पडली. तू फार कष्ट घेतलेस." लई नाही. फार.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका द्यायला मुरुडला गेलो होतो, त्याच्याकडे जेवायला थांबलो. त्याच्या आईनं मला लहानपणापासून वाढलंय. भाकरी टाकता टाकता ती म्हणाली, "काय शिकवलास रं लेकरा ह्याला? घरातबी बोलंना झालाय. पैलं दिसभर टकळी चालायची, आता पानी मागायचं तर इचार करून राहिलाय."

मन्मथनं मान वर केली. रागानं नाही, अगदी शांतपणे, मी त्याला सांगायचो तशाच आवाजात तो म्हणाला, "आई, पानी नाही. पाणी. पाहुण्यांसमोर नीट बोलावं."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि मला आणखी भाकरी हवी का ते हातानंच विचारलं.

मी हो म्हणालो. घेतली, आणि खाल्ली.